मात्रा मोजताना

इंगर ख्रिस्तेनसेन (१९३५–२००९) या डॅनिश कवयित्रीचं 'आल्फाबेट' हे १९८१ सालचं दीर्घकाव्य नुकतंच इंग्रजी अनुवादातून वाचलं. डॅनिश भाषेचा मला गंधही नाही, पण कवितेची बांधणी अनुवादातही लपत नाही. एकेका अक्षराचा एकेक भाग. पहिल्या भागात १ ओळ, दुसऱ्यात २, मग ३, ५, ८, १३... मागच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या. जग याला फिबोनाची क्रम म्हणतं.

पण हा क्रम आपल्याला परका नाही. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ सालचा. त्याआधी, बाराव्या शतकातच, गुजरातेतल्या हेमचंद्राचार्यांनी छंदशास्त्र लिहिताना तो सांगितला होता. लघूची १ मात्रा, गुरूच्या २. मग ३ मात्रांची जागा किती प्रकारे भरता येईल? ललल, लग, गल, म्हणजे ३. चार मात्रांची ५ प्रकारे, पाचांची ८. कारण साधं आहे: शेवटचं अक्षर लघू असेल किंवा गुरू, म्हणून मागच्या दोन्ही संख्या मिळवायच्या. म्हणजे हे गणित कवितेच्या पोटातूनच निघालं!

आणि आम्ही वर्गात काय केलं? ओळीवर लघू-गुरूच्या खुणा, खाली गण, शेजारी वृत्ताचं नाव. झाले गुण. पादाकुलकाच्या सोळा मात्रा मुलांना तोंडपाठ होत्या, पण त्या चालीत पाऊल कुठे पडतं ते त्यांना ऐकवायचं माझ्याकडून राहून गेलं. आता वाटतं, पूर्ण गुण मिळवणाऱ्या कितीतरी मुलांनी कविता ऐकलीच नाही.

रचना हा कवितेचा अंगरखा नव्हे, असं माझं मत आहे. ख्रिस्तेनसेनबाईंच्या कवितेत 'आहे' हे क्रियापद पुन्हा पुन्हा येतं. जर्दाळूची झाडं आहेत, इथून सुरुवात. मग त्याच यादीत, त्याच शांत सुरात, अणुबॉम्बही येतो. यादी वाढत जाते तसतसा भार वाढतो. सृष्टीही अशीच वाढते आणि संहारही. हे सांगायला बाईंना वेगळं भाष्य करावं लागत नाही. ओळींची संख्याच ते काम करते. कविता वर्णमाला पुरी न करता 'एन' या चौदाव्या अक्षरापाशी थांबते. ते थांबणंही मला अर्थपूर्ण वाटलं.

वाचून झाल्यावर आमच्या आगाशीची यादी मनात सुरू झाली. केळीच्या वाड्या आहेत. विहिरी आहेत. उन्हात वाळवलेली सुकेळी आहेत, पण ती करणारी घरं आता मोजकीच. त्याच यादीत टोलेजंग इमारतीही आहेत. 'आहे' म्हणताना आवाज जरा कापला. अलंकार, वृत्त शिकवायचं ते यासाठी. मोजता मोजता एखाद्या ओळीपाशी आपण थांबावं आणि विचारावं, हे अजून आहे ना?