'सर भारी शिकवतात', पण कुणाला?

बेंगळुरूत संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकांविषयी मी विद्यार्थ्यांना विचारलं. महागड्या इंग्रजी शाळांतून आलेले म्हणाले, 'सर भारी शिकवतात.' गावातून, कन्नड माध्यमातून आलेली दलित मुलगी म्हणाली, 'एवढं कोडिंग तर शाळेतच झालं असेल, असं सर म्हणतात. मग मी शंका विचारतच नाही.'

याच शहरात मुख्यालय असलेली नॅक विद्यार्थ्यांकडून शिक्षकांची तयारी, संवाद, मूल्यमापनातला न्याय यांना ० ते ४ गुण मागवते. पण त्यांच्या सरासरीत या मुलीचं उत्तर दिसत नाही.

अभिप्राय सामाजिक प्रवर्गानुसारही तपासा. वर्गात दलित विद्यार्थी दोनच असले तर ते ओळखू येतील. म्हणून विभागाची काही वर्षांची उत्तरं एकत्र घ्या. जिला वर्गात बोलता येत नाही, तिचं मत मोजल्याशिवाय कुणालाही उत्तम शिक्षक ठरवू नका.