पेटीतला वेताळ

गेल्या महिन्यात कौटुंबिक कार्यानिमित्त आम्हांस सुरतेस जाणे झाले. सुरतेचे नाव निघताच मराठी माणसास १६६४ साल आठवते. आपणां कॅथलिकांस त्यातलीच एक लहानशी हकिकत अधिक जवळची वाटावी. शहराची लूट चालू असता शिवाजी महाराजांनी कापुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या निवासस्थानास धक्का लावू दिला नाही, असे फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवले आहे. बलवान मनुष्याने आपले बळ कोठे वापरले यापेक्षा कोठे आवरले हे पाहावे, अशी खोड आम्हांस या हकिकतीने लावली. योगायोग असा की, सुरतेस या खेपेस आमच्यापुढे जो प्रश्न आला तोही बळाचाच होता.

आमची पुतणी लग्नानंतर तेथेच राहते. दार उघडले ते तिच्या अकरा वर्षांच्या मुलाने, आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. चिरंजीवांनी आईची ओढणी खांद्यांस बांधून माळ्यावरून उड्डाण केले होते. पुतणीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि लगेच गाऱ्हाणे मांडले, "काका, ह्या सुपरहिरोंनी आमचा घात केला. मामंजींची जुन्या चित्रकथांची एक पेटी आहे. हा दिवसभर त्यातच डोके घालून बसतो. उद्या रद्दीवाल्याला सगळी देऊन टाकणार आहे. तुम्ही पत्रात लिहिता, तुम्हीच काय ते सांगा."

तिचे मामंजी आता हयात नाहीत. पोटासाठी ते तरुणपणीच सुरतेस आले आणि कापडाच्या कारखान्यात लागले. सुट्टीत गावाकडून परतताना ते स्टेशनवरच्या स्टॉलवरून मुलांसाठी मराठी इंद्रजाल कॉमिक्स घेऊन येत. शाळा गुजराती, शेजार गुजराती. घरात मराठी अक्षर टिकले ते बरेचसे या पुस्तकांमुळे, असे सासूबाई सांगत होत्या. त्या सांगत असता पुतणी गप्प बसली होती. आम्ही म्हटले, निकाल उद्या सकाळी देऊ. आज रात्री पेटी आमच्याकडे असू दे.

वाचकहो, या वयात आम्ही रात्री दीडपर्यंत वेताळ वाचत बसलो, हे कबूल करण्यास आम्हांस लाज वाटत नाही.

इंद्रजाल कॉमिक्स ही मालिका मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केली. पहिल्या अंकात वेताळाच्या पट्ट्याची कथा होती. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांतून हे अंक निघत, आणि १९९० साली ते बंद पडले. वेताळ मूळचा अमेरिकेचा. ली फॉक या लेखकाने १९३६ साली त्यास जन्म दिला. चाच्यांनी बापास मारले, तेव्हा समुद्रातून वाचलेल्या मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतली. पुढे बापामागून मुलगा तोच पोशाख आणि तीच शपथ घेत आला. लोकांस वाटते की हा एकच पुरुष चारशे वर्षे जिवंत आहे. वस्तुतः तो एकविसावा आहे. त्याच्या अंगी अलौकिक शक्ती मुळीच नाही. गोळी लागली तर तो मरतो. त्याच्या पूर्वजांच्या कबरी कवटीच्या गुहेत आहेतच. पिस्तुले दोन बाळगतो, परंतु नेम बहुधा समोरच्याच्या हातातील शस्त्रावर धरतो. आणि मुख्य मुद्दा असा की, वेताळ उडत नाही. त्याच्या पाठीवर उडते वस्त्रही नाही.

मग ओढणी कोठून आली? सकाळी आम्ही चिरंजीवांस एकटे गाठले. ओढणी आली होती मोबाइलवरून. आईचा मोबाइल हाती घेऊन त्याने सुपरमॅनचे चित्रपट पाहिले होते, एकट्याने, गादीखाली. पेटी बिचारी निरपराध होती. आम्ही त्यास आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्यास फारच लागली. १९३८ साली सुपरमॅन प्रथम छापला गेला तेव्हा त्यासही उडता येत नव्हते. तो नुसता लांब उडी मारी. उडणे त्यास पुढे काही वर्षांनी आले. "म्हणजे पहिल्यांदा तोही माझ्यासारखाच पडला असेल?" चिरंजीवांनी विचारले. याचे उत्तर आम्हांस सुचले नाही.

याचा अर्थ पेटीतील सर्वच आम्हांस रुचले असा मात्र नव्हे. एक गोरा पुरुष जंगलात सिंहासनावर बसावा आणि काळ्या रानवासीयांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे न्याय मागावा, हे चित्र गोऱ्यांचे राज्य अंगावर काढलेल्या देशात मुलांपुढे ठेवताना चार शब्द बोलावेच लागतात. इंद्रजालच्या संपादकांसही काही गोष्टी खटकल्या असाव्यात. मूळ कथेतील बंगाला या देशाचे नाव त्यांनी डेंकाली केले, आणि चाच्यांच्या टोळीचे सिंग हे नाव बदलून सिंगा केले. सिंहासन मात्र तसेच राहिले.

चित्रकथांवरचा राग नवा नाही, आणि त्यात आपलीही माणसे होती. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे १९४८ साली कॅथलिक शाळेच्या मुलांनी घरोघरी फिरून चित्रकथा गोळा केल्या आणि त्यांची होळी केली. यांत वाईट पुस्तके नव्हती असे नाही. त्या काळी खुनाच्या व भयाच्या चित्रकथांचे पेव फुटले होते. पण दोनच वर्षे आधी, १९४६ मध्ये, तेथल्याच एका कॅथलिक प्रकाशकाने पॅरिश शाळांसाठी 'ट्रेझर चेस्ट' नावाचे चित्रकथांचे नियतकालिक सुरू केले होते, आणि ते १९७२ पर्यंत चालले. त्यात १९६४ साली राष्ट्राध्यक्षपदाच्या एका उमेदवाराची क्रमशः कथा आली. अंकामागून अंक गेले तरी त्या उमेदवाराचा चेहरा वाचकांस दाखविला नव्हता. अखेरीस दाखविला, तर तो काळ्या वर्णाचा निघाला! प्रत्यक्षात तसा राष्ट्राध्यक्ष निवडून येण्यास अमेरिकेस २००८ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे १९५६ साली मुलांस घातक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला. वीस वर्षांखालील व्यक्तीस बिघडवील असे पुस्तक विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. क्रौर्य, गुन्हे, किळसवाणी दृश्ये यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. परंतु कायदा म्हणतो की, पुस्तक एकंदरीने काय परिणाम करील ते पाहावे. एखादे पान उघडून, एक ठोसा पाहून निकाल देता येत नाही. पुतणीस आम्ही विचारले, "पेटीतले एक तरी पुस्तक शेवटापर्यंत वाचलेस का?" ती म्हणाली, "मला वेळ कुठे आहे, काका?" हेही खोटे नव्हते. सकाळी साडेपाचला तिचा दिवस सुरू होतो.

बोलण्यात शेजारच्या गुजराती बाई सामील झाल्या आणि घरातून बकोर पटेलांचे एक पुस्तक घेऊन आल्या. ही खास सुरतेची देणगी. येथून 'गांडीव' नावाचे मुलांचे पाक्षिक निघे. त्यात १९३६ ते १९५५ पर्यंत हरिप्रसाद व्यास यांनी बकोर पटेलांच्या गोष्टी लिहिल्या, आणि पुढे गांडीव साहित्य मंदिराने त्यांची पुस्तके काढली. पटेलांचे शरीर माणसाचे व मस्तक बोकडाचे. पत्नी शकरी पटलाणी, मित्र वाघजीभाई वकील. पटेल मोठ्या आत्मविश्वासाने काहीतरी आरंभितात आणि त्याचा हमखास विचका होतो. आम्हांस गुजराती अडखळतच वाचता येते, तरी दोनदा मोठ्याने हसलो. पडल्यावर धूळ झटकून घरी जाणारा असा एखादा नायक मुलांच्या वाचनात असावा. प्लास्टरमधल्या हातास त्याची संगत वेताळापेक्षा बरी.

पेटीच्या तळाशी बहादूर निघाला. त्यास पाहून आम्हांस विशेष आनंद झाला, कारण इंद्रजालचा हा नायक आपल्या मातीतला. आबिद सुरती यांनी १९७६ साली तो निर्मिला. लेखकाच्या आडनावातही सुरत आहेच. भगवा कुडता व जीन्स घालणारा बहादूर हा एका डाकूचा मुलगा. बाप पोलिसांच्या गोळीने मरतो, आणि मुलास वाढवितो तो पोलीस अधिकारीच. सूडाची वाट सोडून हा तरुण गावकऱ्यांचे सुरक्षा दल उभारतो. मुखवटा नाही, गुहा नाही. बापाचे वैर मुलाने पुढे चालवायचे की नाही, हा प्रश्न आपल्या गावांतील बांधांच्या भांडणांतही रोज उभा असतो, म्हणून हे अंक आम्ही वर काढून ठेवले.

या सुरतींची पुढची गोष्ट वसईकर वाचकांस शेजारचीच वाटेल. २००७ साली त्यांनी मीरा रोड येथे एकट्याने एक काम आरंभिले. साहित्याच्या पुरस्काराचे एक लाख रुपये हाती आले होते, ते त्यात घातले. दर रविवारी एक प्लंबर व एक मदतनीस सोबत घेऊन ते इमारतींतून दारोदार जात आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून देत. पहिल्या वर्षी १,६६६ घरे पाहिली आणि ४१४ नळ दुरुस्त केले. त्यांच्या हिशेबाने सुमारे ४ लाख १४ हजार लिटर पाणी वाचले. सत्तरी ओलांडलेला, महानायक रेखाटणारा गृहस्थ पान्ह्याची पिशवी बरोबर घेऊन अनोळखी दाराची घंटा वाजवितो, हे आम्ही चिरंजीवांस सांगितले. त्याने स्वयंपाकघरातल्या नळाकडे पाहिले. तो गळत होता.

निकाल आम्ही असा दिला की, पेटी घरात राहावी आणि मोबाइल गादीखाली जाऊ नये. भयंकर वाटलेले दोन अंक आम्ही स्वतः बाजूस काढले. त्यांविषयी पुतणीचे म्हणणे बरोबर होते. चिरंजीवांचे मराठी वाचन कच्चे आहे आणि आजीस मोतीबिंदूमुळे दिसत नाही, म्हणून रोज रात्री त्याने एक अंक आजीस मोठ्याने वाचून दाखवावा असे ठरले. पुतणी भांडी विसळता विसळता ऐकते, असे कळते.

परवा तिचा फोन आला. वेताळाच्या एका अंकाची शेवटची दोन पाने व मुखपृष्ठ फाटून गेले आहे, आणि शेवट काय झाला ते कळल्याखेरीज आजी पुढचा अंक सुरू करू देत नाहीत. आपल्या धर्मग्रामातील कोणा वाचकाच्या माळ्यावर मराठी इंद्रजालचे जुने अंक असतील तर कृपया कार्यालयात कळवावे. चित्रांवरून आम्ही तो अंक ओळखू, आणि पाहून झाल्यावर अंक जसेच्या तसे परत करू.