अग्नीची मात्रा

आमच्या नातवाला नववा महिना लागला आणि घरांत पेजेचा वाद सुरू झाला. नाचणीची पेज दाट केली म्हणजे बाळ तोंड फिरवी. पाणी घालून पातळ केली म्हणजे पोट भरे, पण अंगीं लागेना. दोन महिन्यांत वजन जेमतेमच वाढलेलें पाहून सूनबाईच्या डोळ्यांस पाणी आलें. "मामंजी, मोड आणलेल्या नाचणीचें पीठ घालूनहि असें कां?" या प्रश्नाचें उत्तर शोधतां दोष आमचाच निघाला.

धान्यांतील पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण पाण्यांत सुमारें ६० ते ७५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस फुगतात व पेज घट्ट होते. दाण्यास मोड येतांना त्यांत एक विकर वाढतें; तें अंकुराच्या पोषणार्थ पिष्टाच्या लांब साखळ्या तोडून साखर करितें. १८३३ सालीं पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं मोडाच्या जवापासून असें द्रव्य वेगळें काढून त्यास 'डायास्टेज' हें नांव दिलें. कच्च्या कणांपेक्षां फुगलेल्या कणांवर त्याचें काम झपाट्यानें चालतें. ६० अंशांच्या आसपास तें तत्पर असतें. उकळत्या पाण्यांत मात्र लवकरच निकामी होतें.

आतां आमची चूक. पीठ चांगलें तांबूस भाजावें, असा आग्रह आम्हींच धरिला होता. त्यानें खमंगपणा आला, परंतु विकर गेलें.

त्यानंतर सूनबाईनें मोडाची नाचणी नुसती वाळवून, न भाजतां दळली. साध्या पिठाची दाट पेज शिजवून ती चुलीवरून उतरवी, वाफ मंदावली म्हणजे त्यांत चमचाभर मोडाचें पीठ ढवळी. कांहीं मिनिटांतच, पाण्याचा थेंब न घालतां, पेज सैल होई. मग ती पुन्हां नीट उकळून घेई. कारण भिजवून मोड आणलेल्या धान्यांत जंतूहि वाढतात, आणि तें पीठ कच्चेंच असतें. अशा रीतीनें त्याच वाटींत अधिक धान्य मावूं लागलें. बाळ आतां वाटी रिकामी करितें व वजनहि धरूं लागलें आहे. तरी ज्या घरीं मूल वाढत नसेल, तेथें आधीं डॉक्टरांस दाखवावें. पेज हें औषध नव्हे.

संस्कृतांत 'पच्' या एकाच धातूनें शिजविणेंहि सांगतात व पचविणेंहि. चाळीस वर्षें आम्हीं हा धातु मुलांकडून घोकून घेतला. त्याचा अर्थ सूनबाईच्या चुलीपाशीं उमगला.