घेताना चोख, सोडताना खोट



जिल्ह्याच्या बैठकीत आपण कापसाचे बोलतो, सोयाबीनचे बोलतो, विजेचे बिल आणि पीकविमा यांचे बोलतो. मागच्या बैठकीत सगळे पांगल्यावर एक गडी मांडवाच्या खांबाशी थांबून होता. वय पंचावन्नच्या पुढचे, चार एकर कोरडवाहू. युरियाच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कागद त्याने आमच्यापुढे मांडले. आम्हांला वाटले, सोसायटीची किंवा बँकेची नोटीस असणार. निघाले सैन्यातले डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाच्या कागदाची पुसट झालेली प्रत.

१९८८ साली तो पलटणीत भरती झाला. ८ वर्षे नोकरी केली, त्यातली २ बर्फातल्या चौकीवर. १९९६ साली फेफरे येऊ लागले म्हणून बोर्डाने त्याला घरी धाडले. कागदावर एक ओळ लिहिली: आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, तो प्रकृतीतलाच आहे. त्या एका ओळीने त्याचे पेन्शन गेले. पण पेन्शनचे त्याने शेवटी काढले. आधी म्हणाला, "भाऊ, पैशाचे नंतर बघू. ही ओळ खोडता येती का तेवढे सांगा. मुलीच्या सोयरिकीला पाहुण्यांनी इचारले, घराण्यातच आहे का म्हणून. माझ्या घराण्यात कुणाला न्हाई हो."

हा प्रश्न माजी सैनिकांच्या संघटनांचा आहे, शेतकरी आंदोलनाने त्यात का पडावे, असे काही कार्यकर्ते विचारतील. उत्तर सोपे आहे. जवान येतो कुठून? साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लागला. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले. शौर्याची परंपरा आहेच, ती कोणी नाकारत नाही. पण चार एकरांत दोन भावांचे भागत नाही, म्हणून एक नांगराशी राहतो आणि दुसरा भरतीच्या रांगेत उभा राहतो, हेही तितकेच खरे आहे. शेतीमालाला भाव नाही म्हणून शेतकऱ्याचे पोर सरहद्दीवर जाते. तिथून ते मोडून परत आले, तर त्याला सांभाळण्याचा खर्च पुन्हा त्याच तोट्यातल्या शेतीवर पडतो.

भरती कशी होते ते गावोगाव ठाऊक आहे. धावायला लावतात, छाती मोजतात. तळपाय सपाट असला तर बाद, गुडघ्याला गुडघा लागला तर बाद, कानात मळ असला तर तो काढून ये म्हणून परत धाडतात. एवढ्या चाळणीतून जो उरतो, तो चोख म्हणून सरकार लिहून घेते. आठ वर्षे राबवून झाल्यावर तेच सरकार म्हणते, यात खोट पहिल्यापासूनच होती. कापसाच्या खरेदी केंद्रावरचा ग्रेडरसुद्धा इतका निर्ढावलेला नसतो. तो खोट काढतो ती गाडी दारात उभी असताना. सूत कातून, कापड विणून झाल्यावर कापूस परत करत नाही.

आता या एका ओळीची किंमत पाहू. जवानाला साधे पेन्शन मिळायला १५ वर्षांची नोकरी लागते. आजारपणामुळे किंवा जखमेमुळे त्याआधीच घरी धाडले आणि ते दुखणे सेवेमुळे झाले किंवा वाढले असे मानले, तर अपंगत्वाचे पेन्शन मिळते. त्याचे दोन भाग: एक नोकरीचा, दुसरा अपंगत्वाचा. नोकरीच्या भागाला मग १५ वर्षांची अट राहत नाही. अपंगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त आणि ५० च्या आत असेल, तर हिशेबाला ५० टक्के धरतात. हे सगळे त्या ओळीत 'नाही' हा शब्द आहे की नाही, यावर ठरते. बोर्डावरच्या डॉक्टरांच्या लेखणीचा एक फटकारा, आणि एका कुटुंबाचे आयुष्यभराचे उत्पन्न उभे राहते किंवा बुडते.

कायदा जवानाच्या विरुद्ध आहे का? मुळीच नाही. १९८२ च्या नियमांत लिहिलेच होते की, भरतीच्या वेळी जो आजार नोंदलेला नाही, तो नंतर उद्भवला तर सेवेमुळेच आला असे धरून चालावे, आणि संशयाचा फायदा जवानाला द्यावा. २ जुलै २०१३ रोजी 'धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितले. तो शिपाई १९८५ साली भरती झालेला आणि १९९४ साली फेफऱ्यासाठी २० टक्के अपंगत्व लावून घरी धाडलेला. न्यायालय म्हणाले, भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार पहिल्यापासून होता हे सरकारने दाखवावे, आणि बोर्डाने नुसता 'नाही' न लिहिता कारणे द्यावीत. २०१४ साली 'सुखविंदर सिंग' खटल्यात आणखी सांगितले की, ज्याला आजारामुळे नोकरीतूनच काढले, त्याचे अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी होते असे म्हणता येणार नाही.

मग आमच्या या गड्याच्या पदरात काही का पडले नाही? कारण निकाल दिल्लीत लागतो आणि कागद पेटीत पडून राहतो. सरकार आपण होऊन जुन्या कागदांवरची ओळ दुरुस्त करत नाही. ज्याने दाद मागितली त्याला मिळते, आणि मागितल्यावरही सरकार वरच्या न्यायालयात जाते. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली नेमलेल्या तज्ज्ञ समितीनेही या पेन्शनांविरुद्धच्या सरसकट अपिलांवर टीका केली होती. ज्याच्याकडे मुंबईला जायचे एसटीचे भाडे नाही, त्याच्याविरुद्ध सरकारने दिल्लीचे वकील उभे करायचे, याला न्यायाची लढाई म्हणत नाहीत; याला दमवणे म्हणतात.

वेळही सरकारच्या बाजूने असतो. ज्याला पेन्शन नाही त्याचे सेवेचे कागद २५ वर्षांनी नष्ट करायचे, असा लष्कराचा नियम आहे. म्हणजे आधी 'नाही' लिहून पेन्शन नाकारायचे, पेन्शन नाही म्हणून कागद नष्ट करायचे, आणि मग दाद मागायला आला की पुरावा कुठे म्हणून विचारायचे. २००८ च्या नियमांत तर १५ वर्षांनंतर केलेल्या मागणीचा पुरावा जवानानेच द्यावा, असे घातले आहे. त्यातून जिंकला तरी मागची सगळी बाकी मिळत नाही. २००८ च्या 'तरसेम सिंग' निकालापासून, उशिरा आलेल्याला अर्जाच्या आधीच्या ३ वर्षांचीच थकबाकी देण्याची रीत पडली आहे.

दुसरा प्रकार लाल शाईचा. जवानाच्या नोंदवहीत मोठी शिक्षा लाल शाईने लिहितात. अशा ४ नोंदी झाल्या की 'हा शिपाई नको' म्हणून सेवामुक्तीचा कागद हातात पडतो, कधी पेन्शनला वर्ष-दोन वर्षे राहिलेली असताना. या नोंदी कशाच्या असतात? कोणी दारू प्याला, कोणी वरिष्ठाला उलटून बोलला. त्याची तरफदारी आम्ही करत नाही. पण रजा संपून उशिरा हजर झाला, हाही त्यातलाच गुन्हा. आणि शेतकऱ्याच्या पोराला उशीर का होतो, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. पाऊस पंधरा दिवस लांबला आणि पेरणी रखडली, बाप अंथरुणाला खिळला, विहीर ढासळली. पलटणीच्या तारखा मृगाला विचारून ठरत नाहीत.

शिस्तीशिवाय सैन्य चालत नाही, हे मान्य. परंतु १६ ऑक्टोबर २०१५ रोजी 'वीरेंद्रकुमार दुबे' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ४ नोंदी झाल्या म्हणजे काढलेच पाहिजे असे नाही. आधी चौकशी हवी. त्याने किती वर्षे काढली, किती अवघड ठिकाणी काढली, पेन्शन किती जवळ आले, हे पाहायला हवे. त्या जवानाने पेन्शनपुरती नोकरी पुरी केली असे धरावे, असा आदेश झाला. मागचा पगार नाही, पण पेन्शन. आपल्या तालुक्यात असे किती जण लाजेखातर गप्प बसले असतील? इथे एक फरक ध्यानात ठेवा. सेवामुक्ती वेगळी आणि बडतर्फी वेगळी. बडतर्फ झालेल्याचा पेन्शनचा हक्क सहसा जातो. सेवामुक्ताचा तसा जात नाही. कागदावर कोणता शब्द आहे तो आधी वाचा.

कोणी म्हणेल, अपंगत्वाच्या पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो. महालेखापरीक्षकांनी २०१५-१६ ते २०१९-२० या वर्षांचा हिशेब तपासला. निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्के अपंगत्वाच्या पेन्शनवर गेले होते. जवान आणि त्यांच्यासारख्यांत हे प्रमाण १५ ते १८ टक्के होते. बर्फात, वाळूत पहारा देतो कोण, आणि प्रमाण दुपटीहून जास्त कोणाचे? ज्याला कागद वाचता येतो आणि बोर्डापुढे बोलता येते, त्याला मिळते. गैरफायदा असेल तर तो जरूर शोधा. पण चाळणी लावायची ती खालच्यालाच, हा न्याय आम्हांला मान्य नाही.

अमेरिकेत १९४४ च्या कायद्यापासून सैनिकाला आपला सुटकेचा शेरा बदलून मागता येतो. त्यासाठी वेगळी मंडळे आहेत आणि अर्जाला १५ वर्षांची मुदत आहे. तिथे सगळ्यांना न्याय मिळतो असे नाही. पण शेरा चुकीचा असू शकतो, एवढे तरी त्या सरकारने कबूल केले. आपल्याकडे २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण आले, मुंबईला त्याचे खंडपीठ आहे. ते न्यायालय आहे. तिथे वकील लागतो, तारखा लागतात. शेरा दुरुस्त करायला खटलाच का लढावा लागावा?

हा प्रश्न म्हाताऱ्यांबरोबर संपणार नाही. २०२२ पासून अग्निवीर ४ वर्षांसाठी घेतले जातात, त्यांना पेन्शन नाही. त्यांतला कोणी अपंग होऊन परतला तर त्याची एकरकमी भरपाईसुद्धा त्याच ओळीवर ठरते: दुखणे सेवेमुळे आले की नाही.

आमच्या मागण्या चार आहेत. एक, २०१३ च्या निकालात बसणारे सगळे जुने कागद सरकारने अर्जाची वाट न पाहता तपासावेत. दोन, सुटकेचा शेरा तपासणारे मंडळ नेमावे आणि त्याने जिल्ह्याच्या ठिकाणी बसावे. तीन, दाद मागण्याचा हक्क शिल्लक आहे तोवर कोणाचाही कागद नष्ट करू नये. चार, बोर्डाने 'नाही' लिहिले तर त्याची कारणे जवानाला कळेल अशा भाषेत लिहून द्यावीत.

तोवर हात बांधून बसायचे नाही. घरातल्या पेट्या उघडा. डिस्चार्ज बुक आणि बोर्डाचा कागद शोधा. नसेल तर माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे प्रत मागा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अपील करा, ६ महिन्यांत उत्तर आले नाही तर न्यायाधिकरणाचा रस्ता मोकळा होतो. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्याने अशा माणसांची यादी पुढच्या बैठकीला आणावी.

आपण सूट मागत नाही, मेहेरबानी मागत नाही. शेतकऱ्याने जो पोरगा धडधाकट दिला, त्याच्या कागदावर खरे काय ते लिहा, एवढेच मागणे आहे. युरियाच्या पिशवीतल्या त्या कागदांची झेरॉक्स आम्ही काढून ठेवली आहे. अर्ज या आठवड्यात जाईल.