वळणालाही वळण लागते

मुलाला चांगले वळण लावावे, असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी नेहमी सांगतात. परंतु त्याच मुलाच्या हाती हप्त्यांवर घेतलेली मोटारसायकल देताना रस्त्यावरचे वळण कसे घ्यावे, हे त्याला कोण शिकवते? कोणीच नाही. थोरला भाऊ किंवा शेजारचा मित्र माळावर क्लच आणि गिअर दाखवतो. तेवढ्या शिदोरीवर आमचा गडी कुंभार्ली घाट चढू-उतरू लागतो.

परवान्याच्या परीक्षेत इंग्रजी आठचा आकडा काढावा लागतो, हे खरे. पण तो माणूस चालतो त्या वेगाने! त्या वेगात ज्या बाजूला जायचे त्या बाजूला हँडल वळवले की भागते. ताशी तीस-चाळीसच्या वेगात मात्र रीत उलटते. डावीकडे वळायचे तर डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे जाते, गाडी डावीकडे कलते आणि मग वळते. विल्बर राईटने (होय, विमानवाल्या राईट बंधूंपैकी; त्यांचे सायकलींचे दुकान होते) अनेक सायकलस्वारांना विचारले होते की, तुम्ही डावीकडे कसे वळता? एकालाही पहिल्या प्रथम सारे बरोबर सांगता आले नाही. सपाट रस्त्यावर हे अज्ञान खपून जाते. घाटात वळण अंदाजापेक्षा आवळत गेले की खपत नाही. घाबरलेला मुलगा ब्रेक दाबतो, नजर कठड्यावर खिळवतो; कललेली गाडी उभी होते आणि नजर जाते तिकडे, सरळ, निघून जाते.

हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची तपासणी करून १९८१ साली अहवाल दिला. त्यांतले शेकडा ९२ चालक स्वतःच, नाहीतर घरच्यांकडून वा मित्रांकडून शिकलेले होते. आकडा अमेरिकेतला असला तरी शिकण्याची ही तऱ्हा आमच्या गावचीच नव्हे काय? आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची.

'वळण घेण्याचे प्रशिक्षण' म्हटले की आमच्या मित्रमंडळींना गुडघा जमिनीला टेकवणारे शर्यतपटू आठवतात. वस्तुतः या शिक्षणातला मोठा भाग संयमाचा आहे. ब्रेक आणि गिअर वळणाच्या आधी. वळणात फक्त हलका, स्थिर ॲक्सिलरेटर. वेग दुप्पट केला तर त्याच वळणावर चाकाला चौपट पकड लागते, आणि पावसाळ्यात ती आणायची कोठून? ब्रिटिश पोलिसांच्या 'मोटरसायकल रोडक्राफ्ट' या पुस्तकात एक साधी युक्ती आहे. रस्त्याच्या दोन्ही कडा जेथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो जवळ येऊ लागला तर वेग कमी करावा. पुढे सरकू लागला तर वळण खुलते आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही : उजव्या वळणावर चाक आपल्या बाजूला असले तरी कललेले डोके मधल्या रेषेपलीकडे जाऊ शकते. समोरून एस.टी. येत असते!

त्या एस.टी.च्या चालकाला महामंडळ प्रशिक्षण देते. महागड्या गाड्यांच्या हौशी मालकांसाठी चेन्नईजवळच्या शर्यतीच्या ट्रॅकवर वर्ग भरतात. फी भरून ते शिकतात, चांगलेच आहे. पण १०० सी.सी.च्या गाडीवर मागे बहिणीला बसवून परीक्षेला निघणाऱ्याने कोठे जावे? माझ्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलाला ही गाडी म्हणजे चैन नव्हे. सकाळच्या पहिल्या तासाला पोहोचण्याचा तोच एक मार्ग असतो.

काही प्राध्यापक म्हणतील, हे कला महाविद्यालयाचे काम नव्हे. मग एन.सी.सी.ची कवायत तरी कोणत्या पेपरात येते? क्रीडा विभागाने दिवाळीच्या सुटीनंतर दोन रविवार मैदान द्यावे आणि जाणता शिक्षक बोलवावा. ताशी तीसच्या वेगात मूठ ढकलणे, वळणाआधी ब्रेक लावणे, नजर पुढे ठेवणे, एवढे तेथे सहज होईल. हेल्मेट ज्याने त्याने आणावे. रेघा आखायला चुना आम्ही मुले वर्गणी काढून आणतो.