शुल्काची खातेवही

माल घेण्यापूर्वी भाव, वाहतूक व उधारीची मुदत बारकाईने पाहणारा व्यापारी अपत्याच्या महाविद्यालय-प्रवेशाच्या वेळी मात्र पुष्कळदा केवळ पहिल्या हप्त्याची रक्कम विचारतो. तेथेच हिशेब चुकतो.

कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे कार्य साताऱ्यास आणले. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. गरिबाच्या शिक्षणाचा भार तेथे संस्थेने आणि विद्यार्थ्याच्या श्रमाने उचलला.

पुढे १९८३ मध्ये सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. मुलांना परराज्यात जाण्याची गरज उरली नाही. परंतु खर्चाचा भार पालकांवर आला. १९८७ च्या राज्य कायद्याने कॅपिटेशन शुल्कास बंदी घातली. २००५ च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षणातील नफेखोरी अमान्य केली. आज व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते.

साहाय्याची खरी किल्ली प्रवेशाच्या मार्गात आहे. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम शासन देते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील पात्र मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतल्यास हा लाभ नाही. उदाहरणार्थ, वार्षिक शिक्षण शुल्क एक लाख धरले, तर चार वर्षांत मुलाच्या बाबतीत दोन लाखांचा आणि पात्र मुलीच्या बाबतीत चार लाखांचा फरक पडतो. वसतिगृह, खानावळ व प्रवास हा खर्च वेगळाच.

उरलेल्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज घेताना एक गोष्ट ध्यानी असावी. शिक्षण चालू असताना हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. ते दरमहा भरत राहिल्यास पुढील ओझे हलके होते. जुन्या करप्रणालीत या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते.

म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी मंजूर शुल्काचा तक्ता पाहावा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा आणि प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी. पावतीविना मागितलेली रक्कम शुल्क नव्हे.