पेरू आपला, परेरा परका?

एखाद्या मराठी कार्यक्रमाच्या पत्रिकेवर परेरा, कार्व्हालो किंवा दिब्रिटो असे आडनाव छापलेले दिसले की आपल्यांतील बऱ्याच जाणत्या मंडळींच्या मुखातून एक प्रश्न हमखास निघतो : ‘हे मराठी कसे?’ विचारणाऱ्याच्या मनात वाकडे काही नसते. उलट ‘पोर्तुगीज वंशाचे असून मराठी किती छान बोलतात!’ अशी कौतुकाची पुस्तीही तो जोडतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हे कौतुक त्या प्रश्नाहूनही अधिक अज्ञानमूलक आहे. आणि कन्नड मुलखात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्यासारख्या मराठी कुटुंबांना तर ते मुळीच शोभत नाही.

परेरा हे एकच आडनाव उदाहरणादाखल घेऊ. मूळ पोर्तुगीज उच्चार ‘पेरेइरा’च्या जवळचा. ‘पेरा’ म्हणजे नासपतीच्या जातीचे फळ आणि ‘पेरेइरा’ म्हणजे त्या फळाचे झाड. दोहोंच्या मुळाशी लॅटिन ‘पिरुम’ हा शब्द. या झाडावरून नाव पडलेली गावे पोर्तुगालात पुष्कळ आहेत आणि गावावरून आडनाव पडण्याची रीत तिकडेही आहे. गोव्यातील बोरी गावचे ते बोरकर, तसेच हे. कार्व्हालो म्हणजे ओक वृक्ष, सिल्वा म्हणजे रान, फर्नांडिस म्हणजे फर्नांदूचा मुलगा. आपले पिंपळे, फणसे आणि वडके ज्या वाटेने आले, त्याच वाटेने ही मंडळी आली.

आता गंमत पाहा. अमेरिका खंडातून इकडे आलेल्या एका फळाला कोकणीत ‘पेर’, मराठीत ‘पेरू’ आणि धारवाडी कन्नडात ‘पेरल’ म्हणतात. हे शब्दही त्याच पोर्तुगीज ‘पेरा’पासून आले, असे शब्दांची मुळे शोधणाऱ्या गोमंतकीय पंडित दालगादो यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवून दिले. म्हणजे पेरू आणि परेरा ही सख्खी भावंडे! बटाटा, पाव, चावी, पगार, बादली, काजू हे त्यांचेच सोयरे. आणि हापूस हा तर ‘आफोन्सु’ या पोर्तुगीज नावाचाच मराठमोळा अवतार. हापूस आपला, पेरू आपला, महिन्याचा पगार तर अगदीच आपला. परका ठरतो तो फक्त परेरा. हा न्याय कोणता?

यावर उत्तर येते ते असे : ‘शब्द वेगळे, माणसे वेगळी. आडनाव रक्ताबरोबर येते.’ येथेच सारी गफलत आहे. इ.स. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, आणि पुढील काही दशकांत तिसवाडी, बारदेश, सासष्टी व वसईच्या पट्ट्यात गावेच्या गावे ख्रिस्ती झाली. बाप्तिस्म्याच्या वेळी नवख्रिस्ती माणसाला धर्मपित्याचे किंवा विधी करणाऱ्या पाद्र्याचे आडनाव लाभे. एकाच पोर्तुगीज अधिकाऱ्याचे आडनाव त्यामुळे अनेक घरांना चिकटले. ती घरे मात्र होती येथल्याच शेतकऱ्यांची, कोळ्यांची, गावकारांची. पोर्तुगीज पुरुषांनी स्थानिक स्त्रियांशी केलेले विवाह ही वस्तुस्थिती आहेच, पण त्या कुटुंबांची संख्या या समाजाच्या मानाने अल्प. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती घराण्यांपैकी कित्येकांनी प्रभू, कामत, नाईक, पै ही आपली जुनी आडनावे आजतागायत स्मरणात जपली आहेत. यापेक्षा ठळक पुरावा कोणता हवा?

आणि हवाच असेल, तर श्रीलंकेकडे पाहावे. १५०५ ते १६५८ या काळात पोर्तुगीज तेथे होते. त्यांना जाऊन साडेतीन शतकांहून अधिक काळ लोटला, तरी ‘परेरा’ हे सिंहली लोकांतील अत्यंत प्रचलित आडनावांपैकी एक आहे, आणि ते लावणारे असंख्य लोक बौद्ध आहेत. म्हणजे रक्त नाही, धर्मही उरला नाही; आडनाव तेवढे राहिले! ब्राझीलमध्ये गुलामांना मालकांची आडनावे मिळाली, तेथेही परेरा उदंड. १९७५ मध्ये स्वतंत्र झालेल्या केप व्हर्द या आफ्रिकी बेटांचे पहिले राष्ट्राध्यक्ष आरिस्तिदेस परेरा. या सर्वांना एका वंशवृक्षावर बसवू पाहणाऱ्याने आधी तो वृक्ष कोठे उगवला ते सांगावे.

युरोपातही ही खोड आहे. झाडाफळांची आडनावे म्हणजे धर्मांतरित ज्यूंची खूण, अशी एक समजूत तिकडे फार लोकप्रिय आहे. ज्यूंवर पोर्तुगालात सक्तीचे धर्मांतर लादले गेले ते १४९७ मध्ये. आणि आल्जुबारोताच्या लढाईत पोर्तुगीज सैन्याचे सेनापतित्व करणारा उमराव नूनू आल्वारिश परेरा हा १३८५ सालचा. काही ज्यू घराण्यांनी हे आडनाव घेतले हे खरे, पण म्हणून प्रत्येक परेरा ज्यू ठरत नाही. आडनावावरून वंश काढणाऱ्याचे गणित लिस्बनलाही चुकते आणि हुबळीलाही चुकते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘ही आडनावे जुलमाने लादलेली, ती पुसून मूळ आडनावे का घेऊ नयेत?’ जुलूम झाला हे कोणी नाकारू नये. देवळे पाडली गेली, १५६० पासून गोव्यात धर्मन्यायासन बसले आणि मधला थोडा खंड सोडता ते १८१२ पर्यंत चालले. परंतु जुलूम करणाऱ्यांचा हिशेब ज्यांच्यावर तो झाला त्यांच्याच वंशजांकडे मागणे, हा न्याय नव्हे. एखाद्या कुटुंबाला जुने आडनाव घ्यावेसे वाटले तर ते त्यांचे स्वातंत्र्य. आपण त्याची मागणी करणे ही अरेरावी. शिवाय आपल्या घरातही थोडे डोकावावे. फडणीस, चिटणीस, मुजुमदार, इनामदार, सरदेसाई या आडनावांत फारसी मिसळलेली आहे आणि ती सुलतानी अमदानीच्या दफ्तरांतून आलेली आहे. म्हणून फडणिसांना कोणी इराणी म्हणत नाही, की ‘मराठी बरे बोलता हो’ असे प्रशस्तिपत्रही देत नाही!

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हुबळी-धारवाडच्या मराठी माणसाइतका आडनावाचा फसवेपणा दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? कुलकर्णी, देसाई, देशपांडे, पाटील ही नावे येथे दोन्ही भाषांत सारखीच नांदतात. द. रा. बेंद्रे यांचे आडनाव मराठी, घरची भाषा मराठी. आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते कन्नड काव्यासाठी. आडनावावरून भाषा ठरवायची, तर कन्नडने बेंद्रे गमावले असते. उलट याच धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाने १९७१ मध्ये जोझे परेरा या संस्कृत अभ्यासकाचा कोकणी-मराठी वादावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. कोकणी ही स्वतंत्र भाषा, हा त्यांचा निष्कर्ष आपल्यांतील अनेकांना रुचणार नाही. न रुचो; त्याला उत्तर पुराव्याने द्यावे. ‘परेराला मराठीचे काय कळते?’ हे उत्तर नव्हे.

‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न आपल्याला येथे किती वेळा विचारला जातो, आणि तो ऐकताना मनाला काय वाटते, हे वाचकांना सांगायला नको. चार-चार पिढ्यांची हाडे या मातीत गेल्यावरही आपण ‘बाहेरचे’ ठरलो की आपण व्यथित होतो. मग वसईच्या ज्या माणसाची माती, बोली, ओव्या, लग्नगीते सारी येथलीच, त्याला तोच प्रश्न आपण कोणत्या तोंडाने विचारतो? फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणले, २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या कार्याला लाभला. तरीही २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड होताच विरोधाचे सूर उमटले. २०२४ मध्ये ते गेले. मराठीचे एवढे काम करूनही ज्याला मराठीपणाचा दाखला मागितला जातो, त्याच्या मुलाबाळांनी उद्या मराठीकडे पाठ फिरवली, तर दोष कोणाला द्यायचा?

येथे तर मराठी वाचणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. अशा वेळी दारात उभे राहून आडनावे तपासणे म्हणजे घर रिकामे करण्याचा उद्योग. गोकुळ रोड हे नाव शेजारच्या गोकुळ गावावरून पडले. म्हणून या रस्त्यावरील माणसे मथुरेची ठरत नाहीत. परेराचेही तसेच समजावे. त्याला विचारायचेच असेल, तर एवढेच विचारावे : ‘सध्या काय वाचता?’